वजाबाकी

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या जुन्या फौजी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली एखादी दगडी पाटी अजून दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी ती लावली. मजकूर ठरलेला असतो. या गावातून इतकी माणसं लढाईला गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. एकट्या अपशिंगे गावची ४६ माणसं त्या युद्धात कामी आली. आज ते गाव अपशिंगे मिलिटरी याच नावानं ओळखलं जातं.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. अशी पाटी दिसली की डोक्यात आपोआप वजाबाकी सुरू होते. गेलेल्यांतून मेलेले वजा केले की उरतात ते परत आलेले. हा तिसरा आकडा पाटीवर कोरलेला नसतो. परत आला म्हणजे सुटला, असं धरून चालतात सगळे.

माझ्या घरात त्या तिसऱ्या आकड्यातला एक माणूस होता. माझे चुलते, आण्णा.

आण्णा बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. शांतता राखायला गेलेली ती फौज तमिळ वाघांशी लढत राहिली. अकराशेहून जास्त जवान तिथं गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली, तेव्हा स्वागताला तिथले मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळ माणसांवर गोळ्या झाडून आलेल्या फौजेचं स्वागत करणं त्यांना पटणारं नव्हतं. पुढं १९९९ ला कारगिल झालं, गावोगाव मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला. आण्णा तेव्हा पेन्शनवर आले होते. ते पारावर बसून मिरवणूक बघत होते. ढोल जवळ आला तसे उठले आणि मागच्या बोळानं मळ्यात निघून गेले.

आम्हाला वाटायचं, आण्णांचा स्वभावच तिरसट. दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं की ते घोंगडं उचलून मळ्यातल्या खोपीत झोपायला जायचे. विहिरीवरची मोटार राखायला जातात, असं काकी सांगायची. मला ते पंधरा वर्षं खरं वाटत होतं. ऐन दिवाळीतच मोटार चोरीला जायची भीती का, हा साधा प्रश्न गणिताच्या मास्तरला पडला नाही. आण्णांना झोपेतून उठवताना काकी कधी हात लावत नसे. दारात उभी राहून नावानं हाक मारायची. नवऱ्याचं नाव घेते म्हणून माझी आजी तिला बोलायची. काकी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नावानंच हाक मारायची. एकदा खांद्याला हात लावून उठवलं होतं, तेव्हा आण्णांचा हात तिच्या गळ्यावर गेला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मला हे कळलं ते शेजारच्या पोरामुळं. सतरा वर्षं नोकरी करून तोही घरी आला. त्यातली बरीच काश्मीरमध्ये झाली होती. पंधरा ऑगस्टला शाळेत त्याचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं, भाषण मीच केलं. चौथीतल्या एका पोरानं हात वर करून विचारलं, "काका, तुम्ही किती मारले?" सगळे हसले. तो हसला नाही. नारळ हातात तसाच धरून उभा राहिला.

मग महिन्याभरात त्याच्या घरातून आवाज यायला लागले. तो रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचा. पोरांच्या हातून ताट पडलं तरी अंगावर धावून जायचा. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी लागलंय. देवऋषाचा अंगारा झाला. एके दिवशी त्याची बायको आमच्या गोठ्यात येऊन काकीजवळ बसली. गालावर वळ होते. मी वैरण टाकत होतो म्हणून मला ऐकू आलं.

"ते मुद्दाम करत न्हाईत," ती म्हणत होती. "झोपेत असत्यात. मागनं रडत्यात."

काकी म्हणाली, "त्याचं दुखणं खरं हाय पोरी. म्हणून तुझ्या गालावरचं वळ खोटं होत न्हाईत. दोन्ही खरं हाय. त्याला दवाखाना दाव, आणि तू पोरं घिऊन रातचं हितं निजायला ये."

नीतीची पुस्तकं मी थोडीफार वाचली आहेत. त्यांत हा पेच फार लांबवलेला असतो, दुखावलेल्या माणसाच्या हातून दुखापत झाली तर दोष कुणाचा. काकीनं तो दोन वाक्यांत सोडवला. सुनेच्या वळावर तिनं सैनिकाच्या दुःखाची शाल घातली नाही आणि त्या वळांपायी त्याला टाकूनही दिलं नाही. मी तोपर्यंत या दोन्हींतलं एक निवडावं लागतं असं समजत होतो.

सरकारदरबारी काही नाही असं नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पेन्शनचे कागद, मुलांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह ही कामं तिथं होतात. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचे दवाखाने आहेत, तिथून मानसोपचाराच्या डॉक्टरकडंही पाठवतात. पण त्या दवाखान्यापर्यंत जायला आधी घरानं, गल्लीनं हे दुखणं आहे असं मानावं लागतं. खडकीला पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी केंद्र आहे. चाकाच्या खुर्चीतला जवान दिसला की कुणीही बाजूला सरून वाट देतं. अंगणात रात्रभर फेऱ्या मारणाऱ्याला कोण वाट देणार?

पोराला डॉक्टरकडं आण्णा घेऊन गेले. "माझंबी दाखवायचं हाय, सोबत चल," असं खोटंच सांगून नेलं. तिथं डॉक्टरनं खरोखरच दोघांनाही गोळ्या लिहून दिल्या. पंधरा वर्षांत आम्ही कुणी आण्णांना कुठं नेलं नव्हतं.

त्या दिवाळीत खोपीवर दोघं गेले. काकीनं माझ्याकडं भाकरीचं फडकं दिलं. पोचवून परत यायचं होतं, पण आण्णा म्हणाले, "बस मास्तर." लांब गावात सुतळी बॉम्ब फुटत होते. प्रत्येक आवाजाला शेजारचा पोरगा मातीत बोटं रोवत होता. आण्णा त्याच्याकडं न बघता बोलायला लागले. जाफना भागातलं एक घर. झडती घ्यायला गेले तेव्हा तिथल्या म्हातारीनं तांब्याभर पाणी दिलं. तहान फार होती, आण्णा प्याले. दुसऱ्या दिवशी त्या बाजूनं गोळीबार झाला, इकडून तोफा लागल्या. नंतर तिथून गेले तर घर नव्हतं. विहीर होती.

"तिच्या घराची खूण मीच सांगितली हुती," आण्णा म्हणाले. "नकाशावर."

मी लगेच म्हणालो, "आण्णा, तुमचा काय दोष? हुकूम होता."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. म्हणाले, "मास्तर, तुला कुणी इचारलं? दोष हाय का न्हाई ते मी बगतोय तीस वर्सं. तू नुसतं ऐक."

त्या रात्रीपासून मी या वाक्याशी झगडतोय. "तुमचा दोष नाही" हे मी आण्णांसाठी म्हणालो नव्हतो. मला पुढं ऐकायचं नव्हतं म्हणून म्हणालो. माफी देऊन मी विषय बंद करत होतो, आणि माफी देणारा मी कोण? ती म्हातारी देऊ शकली असती, ती नाही. मी तर त्या तोफेच्या मागच्या बाजूचा माणूस. आण्णा तिकडं गेले ते माझ्या देशाच्या हुकमानं. त्या तीन वर्षांत मी गावात पाढे शिकवत होतो, रात्री बिनघोर झोपत होतो. नकाशावरच्या त्या खुणेत माझा काहीच वाटा नाही, असं मला म्हणता येत नाही.

चौथीतल्या पोराचा प्रश्न वाईट होता. पण निदान तो प्रश्न होता. आम्ही मोठी माणसं शाल घालून, नारळ देऊन, जयजयकार करून प्रश्नच पडू देत नव्हतो. काहींना बोलायचंच नसतं, तेही मी आता बघितलंय. त्यांना खोदून विचारणं हा दुसरा छळ. तेव्हा करायचं काय, याचं मला सापडलेलं उत्तर फार लहान आहे. भाकरी घेऊन जायचं आणि लगेच परत यायचं नाही.

शेजारच्या पोराचं सगळं ठीक झालं असं सांगणार नाही. गोळ्या चालू आहेत, कधी तो त्या सोडतो, कधी बायको पुन्हा आमच्याकडं निजायला येते. आण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. गल्लीतली पोरं मात्र आता मोठे बॉम्ब माळावर नेऊन फोडतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री खोपीवर चार-पाच जण असतात.

मी एक वही केली आहे. गावातून फौजेत जाऊन परत आलेल्यांची नावं तीत लिहितोय. जुनी माणसं आठवून आठवून सांगतात. पहिलं नाव आण्णांचं लिहिलं. काकीला दाखवलं तर ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बायांचं रकानं कुठं हाय?"

दुसरा रकाना आखायला मी पानं उसवून वही नव्यानं शिवली.