सापडलेले पैसे आणि नचिकेत्याचा प्रश्न

आजचं चिंतन कठोपनिषदाच्या अगदी सुरुवातीवर. नचिकेत्याचे वडील मोठा यज्ञ करतात. नियम असा की, या यज्ञात आपल्याकडचं सगळं दान करायचं. पण दक्षिणेत जायला निघाल्या त्या गायी म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. छोटा नचिकेता ते बघतो आणि अस्वस्थ होतो. ज्याचा कोणाला उपयोगच नाही ते देऊन कसलं पुण्य? मग तो वडिलांना विचारत सुटतो, ‘मला कोणाला देणार?’ पुढचं यमाच्या दारातलं सगळं ज्ञान आपण कौतुकाने वाचतो. पण त्याची सुरुवात घरातल्या एका अवघड प्रश्नातून झाली, हे विसरतो.

असा प्रश्न आपल्याही घरात येतो. आजी गेल्यावर तिचं कपाट आवरताना साडीच्या घडीतून, डाळीच्या डब्याच्या तळातून किंवा पोथीच्या बासनातून नोटा निघतात. सगळे क्षणभर गप्प होतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘देवाला देऊन टाकू.’ ऐकायला छान वाटतं. पण नचिकेता तिथे असता तर त्याने दोन गोष्टी विचारल्या असत्या: काय देताय? आणि कोणाचं देताय?

आधी ‘काय’ बघू. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा असतील, तर त्या आता कोणतीही बँक घेत नाही. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवता येतात (अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीस). त्याहून जास्त बाळगल्या तर १०,००० रुपये किंवा रकमेच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो दंड. तेव्हा आठवण म्हणून एक-दोन नोटा पोथीत ठेवा. जास्त निघाल्या तर सीए किंवा वकिलांना विचारा. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका. पण हुंडीत टाकू नका. मुदत संपल्यावरही तिरुमलाच्या हुंडीत अशा नोटा येतच राहिल्या. आपल्याला नको झालेला कागद देवाच्या पदरात टाकायचा आणि हात जोडायचे, याला दान कसं म्हणणार? ती दूध आटलेली गायच.

बाकीच्या नोटांचं तसं नाही. २००० ची नोट मे २०२३ मध्ये चलनातून काढून घ्यायला सुरुवात झाली, पण ती रद्द झालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत ती जमा करता येते. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूरला अशी कार्यालयं आहेत, आणि पोस्टानेही पाठवता येते. १०, २०, ५०, १०० च्या जुन्या नोटाही चालतात. म्हणजे हे खरे पैसे आहेत. इथे दुसरा प्रश्न जास्त टोचतो: कोणाचे?

तुकोबांची गोष्ट आठवा. सावकारीची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे आपल्याला माहीत असतं. पण परंपरा सांगते की, त्याआधी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबांना, त्यांच्या वाट्याची अर्धी खतं देऊन टाकली. बुडवली ती फक्त स्वतःची. इतकं वैराग्य अंगात असूनही ‘तुझीही बुडवतो, तुझंही कल्याण होईल’ असं ते म्हणाले नाहीत. मला ही कथा इथेच सगळ्यात मोठी वाटते. त्याग आपल्या वाट्याचाच करता येतो. दुसऱ्याच्या वाट्याचा केला तर ती उचलेगिरी होते, मग ते पैसे देवळात गेले तरी.

आजीने मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिच्या पैशावर आजोबा, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क असतो. म्हणजे लग्न होऊन गेलेल्या आत्याचाही. ‘एवढ्याशा रकमेसाठी तिला कशाला सांगायचं?’ असं घरात कोणीतरी म्हणेलच. पण रक्कम एवढीशी आहे, तर सांगायला जड का जातं? गोष्ट दहा हजारांची असेल, पण आत्याला नंतर कळलं तर तिला पैसे गेल्याचं दुःख होणार नाही. आपल्याला कोणी मोजलंच नाही, हे लागेल. आणि तिला सांगितलं, तर कदाचित तीच म्हणेल, ‘आईच्या नावाने वारीत अन्नदान करू.’ तेव्हा ते खरं दान होईल, कारण देणारे सगळे असतील.

आणि आजी किंवा आई हयात असेल तर? मग प्रश्नच नाही. पैसे तिचे. जिथे होते तिथे ठेवा आणि फक्त तिलाच हळूच सांगा. फॅमिली ग्रुपवर फोटो नको, ‘आजीचा काळा पैसा’ असले जोक तर नकोच. भाजीतून वाचवलेले, माहेरहून भाऊबीजेला मिळालेले ते पैसे तिने हौसेने लपवले नव्हते. कधी कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून ठेवले होते. नोटबंदीत कितीतरी बायकांना ही पुंजी सगळ्यांसमोर काढावी लागली. तिच्या नोटा जुन्या झाल्या असतील तर बदलून आणून द्या आणि हिशोब विचारू नका.

यज्ञात आहुती देताना ‘हे माझं नाही’ असं म्हणायचं असतं. पण आधी जे आपलं होतं, त्याच्याबद्दलच हे म्हणण्यात अर्थ आहे. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल ‘माझं नाही’ म्हणणं हा त्याग नाही, ते नुसतं खरं बोलणं आहे. सापडलेल्या पैशांपुढे निदान तेवढं तरी जमायला हवं.

आजची साधना: घरात वाटणीची एखादी गोष्ट बोलायची राहिली असेल, लहानशी का असेना, तर ज्याचा वाटा आहे त्याला आज फोन करा. जप त्यानंतर.

राम कृष्ण हरी!