जांभई आणि हनुमंतांची चुटकी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


गुरुवारच्या सामुदायिक जपानंतर एका ताईंनी विचारलं, "माळ हातात घेतली की जांभया सुरू होतात. नजर लागलीय, की पाप बाहेर पडतंय?" आणि एका घरातला मुलगा तर आरतीला यायचाच बंद झालाय. डाइंग मिलमध्ये बारा तासांची रातपाळी करून तो सकाळी तसाच आरतीला उभा राहायचा. कुणीतरी चारचौघांत बोललं, "देवापुढे तोंड काय वासतोस!" म्हणून आज हा विषय घेतला.

योगशास्त्रात पाच प्राण आणि पाच उपप्राण सांगितलेत. त्यातल्या ज्या उपप्राणाचं काम जांभई, त्याचं नाव देवदत्त. देवानं दिलेला! मग ते पाप कसं होईल? चरकसंहितेत अडवू नयेत असे 13 वेग आहेत. शिंक, भूक, तहान, अश्रू, झोप यांच्याच पंगतीत जांभई बसलीय. तोंडावर हात धरावा, बास.

प्राणवायू कमी पडला की जांभई येते असं आपण शाळेत शिकलो. अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी 1987 मध्ये माणसांना शुद्ध ऑक्सिजन देऊन पाहिलं, तरी जांभया कमी झाल्या नाहीत. नेमकं कारण शास्त्रज्ञांचंही अजून ठरलेलं नाही. आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं. त्यानं कुठला जप चुकवला? शिवाय एकाची बघून दुसऱ्याला येते, नुसतं वाचूनही येते. (आत्ता आली ना?) त्यामुळे अख्खी रांग जांभया देते म्हणून नामात गोडी नाही, असं समजू नये.

कीर्तनात एक कथा सांगतात. रामरायांची सगळी सेवा सीतामाई आणि भावांनी वाटून घेतली, हनुमंतांना काहीच उरलं नाही. ते म्हणाले, "प्रभूंना जांभई आली की चुटकी वाजवायची, एवढी सेवा मला द्या." जांभई कधी येईल काय सांगावं, म्हणून ते अष्टौप्रहर प्रभूंच्या मुखाकडे बघत बसले. रात्री त्यांना महालाबाहेर काढलं, तर बाहेर बसून चुटक्या वाजवतच राहिले. आत रामरायांच्या जांभया थांबेनात! प्रत्यक्ष प्रभूंना जांभई आली, तेव्हा भक्तानं नाक मुरडलं नाही, त्यातही सेवा शोधली. आपण मात्र थकलेल्या लेकराला टोमणा मारतो.

आता आळसाची जांभई वेगळी. रात्री एकपर्यंत मोबाईलवर रील्स बघायच्या आणि काकड आरतीला पेंगायचं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा अति जागणाऱ्यालाही नाही. कडोदरा-पलसाण्याच्या मिलमधली आपली माणसं हौसेनं जागत नाहीत. जांभया येत असताना हायवेवर गाडी चालवून आरती गाठण्यापेक्षा घरी जाऊन आधी झोपलेलं सद्गुरूंना नक्कीच आवडेल.

रातपाळीवाल्यांसाठी येत्या रविवारपासून जप संध्याकाळी साडेपाचला ठेवलाय, झोप झाल्यावर या. मागे भिंतीला टेकून बसलं तरी चालेल, चहा असेल. त्या मुलाच्या आईला मी फोन केला. "विचारून बघते," म्हणाल्या.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏