उसन्या कपड्यांचा नियम

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे लग्न लागायला फार थोडं लागतं. वराने वधूला द्यायच्या वस्तूची किंमत निदान किती असावी, यावर मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात वाद आहे. शम्माई या धर्मपंडिताचे शिष्य एक दिनार म्हणतात. दुसरे पंडित हिल्लेल यांचे शिष्य म्हणतात, एक परूटा पुरे, म्हणजे तांब्याचं सगळ्यात हलकं नाणं. शास्त्राने हिल्लेलच्या बाजूने कौल दिला. शिवाय दोन साक्षीदार, केतुबा हा करारनामा आणि सात आशीर्वादांसाठी दहा पुरुष. कोकणातून मुंबई-पुण्याला आलेल्या बेने इस्रायल ज्यूंचे स्वतःचे विधीही स्वस्तच आहेत: मेंदी, हिरव्या बांगड्या, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा. तरी लग्न महाग होतं ते हॉल, पंगती, दागिने आणि ज्यांनी ज्यांनी आपल्याला बोलावलं त्या सगळ्यांना परत बोलावण्याच्या सक्तीमुळे. हा खर्च धर्माने लावलेला नाही, समाजाने लावलेला आहे. म्हणूनच तो एकट्या कुटुंबाने हिंमत करून नाकारावा, असा उपदेश मला अन्यायाचा वाटतो. ऐपत नसलेल्या बापाने साधं लग्न केलं तर लोक त्याला साधेपणा म्हणत नाहीत, गरिबी म्हणतात.

जुन्या रब्बींना हे नेमकं कळलं होतं. ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या १५ तारखेला यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जात आणि तिथे लग्नं जुळत. मिश्ना सांगते की ते कपडे उसने असत, जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटू नये म्हणून. मिश्नेवर चर्चा करणारा ताल्मूद याहून पुढे जातो: राजाची मुलगी महायाजकाच्या मुलीकडून कपडे घेई, म्हणजे श्रीमंतालाही सूट नव्हती. अंत्यविधीचीही अशीच गोष्ट आहे. प्रेतसंस्काराचा खर्च मरणापेक्षा जड झाला आणि नातेवाईक प्रेत टाकून पळू लागले, तेव्हा धर्मसभेचे प्रमुख रब्बान गम्लिएल यांनी स्वतःला साध्या लिननच्या कापडात पुरायला लावलं. त्यानंतर सगळ्यांनी तेच केलं. दोन्हीकडे सुरुवात वरून झाली. पुढे १४१८ मध्ये इटलीतल्या फोर्ली गावी जमलेल्या ज्यू प्रतिनिधींनी लग्नाच्या पाहुण्यांवरच मर्यादा घातली.

यावर पहिला आक्षेप असा की वधूवरांना आनंद देणं हे धर्मकृत्यच आहे. खरं आहे, पण ते कर्तव्य कुणाचं? ताल्मूद बोल लावतो तो नवरदेवाच्या घरी जेवून त्याला आनंद न देणाऱ्या पाहुण्याला. जेवण कमी पडलं म्हणून यजमानाला नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, महाराष्ट्रात काही हजार उरले. विखुरलेल्या समाजाला एकत्र यायला लग्नाशिवाय निमित्त कुठलं? पण एकत्र यायला माणसं लागतात, पंचपक्वान्नं नाही. पुण्याच्या लाल देऊळ या सिनेगॉगमध्ये लग्न लावून मलिद्याचं ताट फिरवलं तरी समाज जमतोच.

तिसरा आक्षेप आपल्या शिरूर तालुक्यातूनच येतो. इथल्या कर्डे गावाने १८७४ च्या डिसेंबरात सावकारावर बहिष्कार टाकला आणि पुढल्या मे महिन्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला. नंतर नेमलेल्या आयोगाने म्हटलं की रयतेच्या कर्जाचं मूळ म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. कर्जाची सुरुवात क्वचितच तिथे होते. मग लग्न साधं करून काय साधणार, असा हा आक्षेप. मला हे मान्य आहे. शेतकऱ्याच्या कर्जाचं खापर त्याच्या मुलीच्या मांडवावर फोडणं सोयीचं होतं, सरकारलाही आणि सावकारालाही. पण यरुशलेमच्या मुली उसने कपडे घालत त्या कर्ज वाचावं म्हणून नव्हे, कुणी चारचौघांत खाली मान घालू नये म्हणून. मुलीचं लग्न कर्ज न काढता झालं, तरी ती लाज शिल्लक राहतेच.

तेव्हा पुण्याच्या रास्ता पेठेतला ज्यू असो की शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचा बागायतदार, ज्याला हजार पानं उठवणं सहज परवडतं त्याने घरचं पुढचं लग्न शंभर माणसांत उरकावं, आणि पत्रिकेवर आहेर आणू नये असं छापताना मानपानही होणार नाही, हे छापावं.