प्रचंड देहाची वस्ती

इंग्लंडातील चुनखडीच्या थरांतून निघालेल्या काही अजस्र कशेरुकांची व अवयवास्थींची छाननी करून रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने १८४१ साली सीटिओसॉरस हे नाव मुक्रर केले आणि हा प्राणी सागरात राहणारा, मगरीच्या कुळातील एक सरीसृप असावा, असा निर्णय दिला. इतकेच नव्हे, तर पुढील वर्षी छापलेल्या अहवालात डायनोसॉर हा गण त्याने स्वतःच स्थापिला, तेव्हाही या प्राण्याला त्यात दाखल करून घेतले नाही.

हा निर्णय उतावळेपणाचा नव्हता. तुलनात्मक शरीरशास्त्रात ओवेनच्या तोडीचा अधिकारी पुरुष तत्कालीन युरोपात विरळाच होता, आणि या हाडांचा पोत देवमाशाच्या हाडांप्रमाणे जाळीदार आहे हे त्याचे निरीक्षणही काळजीपूर्वक केलेले होते. परंतु त्या पुराव्यापाठीमागे, कोठेही शब्दांत न मांडलेले, एक गृहीत उभे होते असे मला वाटते. भूमीवर आज वावरणाऱ्या प्राण्यांत हत्तीहून मोठा कोणी नाही. तेव्हा हत्तीची हद्द ओलांडणाऱ्या देहाला जलाचाच आधार हवा, हा तो समज होय. वर्तमानाचे माप भूतकाळाला लावताना ते माप आपण लावीत आहोत याचे भानच बहुधा राहत नाही, आणि असे अदृश्य गृहीत विद्वानाला साध्या चुकीपेक्षा अधिक काळ बांधून ठेवते.

पुढे ऑक्सफर्डनजीक ब्लेचिंग्डन येथे सीटिओसॉरसच्या विपुल अस्थी सापडल्या. त्यांतील मांडीचे हाड एकटेच पाच फुटांहून लांब होते. जॉन फिलिप्स या भूशास्त्रज्ञाने १८७१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि असे भक्कम पाय ज्याला आहेत त्याला जमिनीवर चालता येत असलेच पाहिजे, हे ओळखून त्या शाकाहारी प्राण्याला समुद्रातून नदीकाठच्या दलदलीपर्यंत आणून पोहोचविले. फिलिप्सचे हे श्रेय मला ओवेनच्या पांडित्याहून कमी मोलाचे वाटत नाही; त्याने हाडाची कैफियत ऐकली आणि मगच वर्गीकरणाचा शिरस्ता पाहिला.

तथापि पाण्याचा मोह एवढ्याने सुटला नाही. सीटिओसॉरससारख्या लांब मानेच्या डायनोसॉरांचा सॉरोपॉड हा स्वतंत्र गट ठरला, अमेरिकेतून त्याचे सांगाडे निघाले, तरीही कित्येक दशके हे महाकाय प्राणी तळ्यात गळ्याइतके बुडून उभे आहेत अशीच चित्रे काढली जात राहिली. अखेर १९५१ साली केर्मॅक या जीवाश्मशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, डोके तेवढे पाण्यावर आणि छाती कित्येक फूट खोल, अशा स्थितीत बाहेरील जलाचा दाब फुप्फुसांना फुलूच देणार नाही. या आक्षेपासाठी नव्या उत्खननाची गरज नव्हती. दाबाचा नियम शतकानुशतके ज्ञात होता, लांब मानेचे प्रमाण सांगाड्यांवरून उघड दिसत होते, आणि फिलिप्सने वर्णिलेले ते मांडीचे हाड ऐंशी वर्षांपूर्वीच विद्वानांच्या दफ्तरी जमा झालेले होते.