पितरांच्या नावाचे पान



पैठणास नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याचा सुवास रस्त्यावर गेला, आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वाटसरूंच्या मनात भूक जागी झाली. नाथांच्या कानी ते पडले. पितरांसाठी रांधलेले अन्न त्यांनी त्या मंडळींना पोटभर वाढले. ब्रह्मवृंद रुसला, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन जेवले, असे नाथांच्या चरित्रात येते.

कीर्तनात हे आख्यान निघाले की पितर आले म्हणून आपण टाळी वाजवतो. पण ते कशाने आले, हे कोण विचारतो? आज घरचे माणूस गेले की तेराव्याला मोठा मांडव पडतो, चौकात फोटोचा फलक लागतो. शेजारीच गावचे अन्नछत्र वर्गणीवर कसेबसे चालते. त्याच्या वाट्याला काय येते? फार तर नाव कोरलेला एक पंखा! पंखे उदंड झाले हो. वीजबिल कोणी भरायचे?

कायम तिथीचेही तसेच. वाडवडिलांनी ५०१ रुपये ठेव दिली, तिच्या व्याजातून दरसाल पुण्यतिथीला पंगत व्हावी म्हणून. भाव चांगला होता. पण शेकडा ६ दराने वर्षाचे व्याज होते सुमारे ३० रुपये. तेवढ्यात पंगत सोडाच, एक पान तरी नीट वाढता येते का? म्हणून देताना लिहून द्यावे की, व्याज पुरेना तर चालकांनी गरजेप्रमाणे छपराला, आचाऱ्याच्या पगाराला, कशालाही लावावे. तिथीचा हट्ट नको.

दुसरी गोष्ट आमच्या अनुभवातली. आमच्या फडावरचे एक वृद्ध टाळकरी नेहमी म्हणत, “माझी राहती खोली मागे अन्नछत्राला.” आम्ही सगळे माना डोलवायचो. ते गेले, कागद कुठेच नव्हता. पोरांनी खोली विकली. त्यांना दोष कसा द्यावा? दोष आमचाच, कारण आम्ही लिहून घ्या म्हणालो नाही. प्रेताशेजारी बसून असल्या गोष्टी निघत नाहीत.

वास्तविक मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वडिलोपार्जितात आपला हिस्सा असेल तेवढाच देता येतो. संस्थेचे नाव मात्र धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली नोंदले असेल तसेच, नोंदणी क्रमांकासह लिहावे. नुसते “देवळाला” लिहिले तर कोणत्या, म्हणून तंटा होतो. आणि मुलांना हयातीतच सांगावे. तेच खरे अवघड काम.

गाडगेबाबांनी तर मरणाची वाट पाहिली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. त्याच सोसायटीने १९५० साली आपल्या या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले. बाबा १९५६ साली गेले, तेव्हा स्वतःच्या मालकीचे त्यांच्यापाशी काय होते? एक गाडगे आणि एक खराटा.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणास येतालच. कागद सोबत आणा. दोन साक्षीदार दिंडीतच मिळतील.