आधी हाक, मग हात

व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या घशातला कफ काढायचा असतो, तेव्हा चांगली सिस्टर आधी त्याच्या कानाशी वाकते. "काका, कफ काढतेय हं. थोडा ठसका लागेल." मगच सक्शनची नळी आत जाते. काका हूं की चूं करत नाहीत. तरी कूस बदलताना, डोळ्यांत थेंब घालताना, तोंड पुसताना तिचं सांगणं चालूच असतं.

मुंबईत मरोळचं सेव्हन हिल्स २०२० साली कोविडचं रुग्णालय झालं, तेव्हा घरची माणसं बाहेरच राहिली. आत बेशुद्ध पडलेल्याला नावाने हाक मारायला उरल्या त्या पीपीई किटमधल्या सिस्टर. मास्क आणि फेसशील्डच्या आडून, घामाने निथळत त्या बोलत राहिल्या.

हे बोलणं पोचतं का? २००६ साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञ ॲड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला सांगितलं, 'टेनिस खेळतेय अशी कल्पना कर.' स्कॅनमध्ये तिचा मेंदू धडधाकट माणसासारखाच जागा झालेला दिसला. सगळ्यांचं असं नसतं. पण कोणाचं आहे, हे खाटेशी उभं राहून ओळखता येत नाही.

आणि समजा नाहीच पोचलं, तरी? मला इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका आठवतात. त्यांची सहकारी अरुणा शानबाग १९७३च्या नोव्हेंबरात हल्ल्यानंतर जी अंथरुणाला खिळली, ती मे २०१५ मध्ये गेली. ज्यांनी तिला कधी ड्युटीवर पाहिलंही नव्हतं, अशा मुलींनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं. तिच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा २०११च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. रक्ताचं नातं नाही, तिच्याकडून एका शब्दाची परतफेड नाही, तरी आप्त त्याच ठरल्या. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक सिस्टर असावी, असा दंडक आहे. तिच्या वाट्याला तिघे आले, की औषधं वेळेवर जातात, नोंदी होतात. फक्त कानाशी वाकायला सवड राहत नाही. ड्युटी लावणाऱ्यांनी ती मिनिटंही कामात धरायला हवीत.