अविवेक

सुगीत मावळातल्या पवनानगरच्या आसपासच्या खळ्यांवर इंद्रायणी भात झोडून झाला, की तो उफणायचा असतो. डोक्याच्या वर सूप धरून बाई वाऱ्याची वाट पाहत उभी राहते. झुळूक आली की सूप हलतं. भरला दाणा पायाशी पडतो, फोल पलीकडे उडतो. वारा पडला तर हात थांबतो. फार सुटला तरी थांबतो, कारण मग फोलाबरोबर चांगला दाणाही जातो.

‘विवेक’ मुळात याच कामाचा शब्द. संस्कृतातला ‘विच्’ हा धातू वेगळं करण्याचा, धान्य पाखडण्याचा. वेदान्तात नित्य काय आणि अनित्य काय हे निवडण्यालाही तोच शब्द आला, आणि मराठीत आपण त्याला ‘सारासार’ जोडलं. त्यामुळे अविवेकी आणि अविचारी एक नव्हेत. अविचारी माणूस विचारच करत नाही. अविवेकी पुष्कळ करतो, पण निवडत नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगूनही पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला, तो मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. वाचन वाढलं म्हणून हा दोष जात नाही.

आवणीच्या दिवसांत तिकोना गडाच्या वाटेवर हा दोष दिसतो. गाडी थांबते, मंडळी फोटोसाठी खाचराच्या बांधावर चढतात. बांध नुकताच चिखलानं लिंपलेला. टाचेखाली तो खचतो, पाणी खालच्या खाचरात उतरतं आणि मूळ न धरलेली रोपं आडवी होतात. ही माणसं शिकलेली असतात, स्वभावानं वाईटही नसतात. मोकळं रान कोणतं आणि कुणाच्या वर्षाच्या पोटापाण्याची जागा कोणती, एवढं निवडायचं राहून गेलेलं असतं. गावात अशांना ‘पोच नाही’ म्हणतात.

त्याच बांधावरून लहान पोर धावलं आणि बांध फुटला, तर त्याला कुणी अविवेकी म्हणत नाही. ते अजाण. गुरं शिरली तर हाकलतात. ज्याला निवडता आलं असतं, त्याच्यासाठीच हा शब्द भाषेनं राखून ठेवला आहे. मूर्ख म्हटलं की बोलणं संपतं. अविवेकी म्हणताना रागाबरोबर ‘तुला हे कळायला हवं होतं’ ही अपेक्षाही शिल्लक असते.